‘तुमचेही असेच झाले होते का?’

वार्षिक अहवालात संस्थेच्या कार्याचा हिशेब द्यावयाचा असतो. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणते यंत्र आले आणि त्यास कोणाचे साहाय्य लाभले, हे सारे आकड्यांत मांडता येते. परंतु रुग्णालयात घडणाऱ्या काही गोष्टी कोणत्याही केसपेपरवर उमटत नाहीत. स्तनाच्या कर्करोगातून सावरलेली एक स्त्री, त्याच रोगाचे निदान नुकतेच झालेल्या दुसऱ्या स्त्रीजवळ येऊन बसते आणि काही वेळाने त्या दुसरीचा श्वास थोडा संथ होतो, ही अशीच एक गोष्ट. ही भेट नेमके काय साधते, तो उपचार आहे की नुसता दिलासा, आणि त्यासाठी धर्मादाय निधीतून जागा व पैसा का द्यावा, असे आम्हांस विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्हांस जेवढे उमगले आहे तेवढे, काहीही न लपवता, येथे मांडत आहोत.

स्तनाचा कर्करोग हा भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग होय. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लक्ष ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. या दोन आकड्यांमधील अंतर अस्वस्थ करणारे आहे, कारण वेळीच हाती लागल्यास हा रोग पुष्कळदा बरा होतो. आपल्याकडे मात्र गाठ हाताला लागल्यापासून डॉक्टरांकडे येईपर्यंत अनेकींचे महिने उलटतात. मुलीचे लग्न, मुलाची दहावी, सासूबाईंचे आजारपण ही कारणे सांगितली जातात. भीती आणि संकोच ही कारणे सांगितली जात नाहीत, पण ती असतात.

जुहूसारख्या ठिकाणी येणारा रुग्णवर्ग एकजिनसी नाही. जे.व्ही.पी.डी. योजनेतील बंगल्यांतून आणि समुद्राकाठच्या इमारतींतून रुग्ण येतात, तसेच कोळीवाड्यातून, नेहरू नगरच्या वस्तीतून आणि अंधेरी-सांताक्रूझच्या चाळींतूनही येतात. बाह्यरुग्ण विभागातील बाकावर ही सारी माणसे शेजारी शेजारी बसतात. पण एकमेकांशी बोलत नाहीत. निदानाचा कागद हाती पडल्यावर मात्र हे चित्र पालटते. अशा वेळी बंगल्यातील बाई आणि मासळी विकणारी बाई यांचा पहिला प्रश्न एकच असतो आणि तो त्या डॉक्टरांना विचारीत नाहीत. ‘तुमचेही असेच झाले होते का?’ हा तो प्रश्न. त्याचे उत्तर कितीही निष्णात शल्यचिकित्सकास देता येत नाही.

या गोष्टीची जाण वैद्यकास उशिराच झाली. न्यूयॉर्कमधील टेरेसे लासर या महिलेचा स्तन १९५२ साली शस्त्रक्रियेने काढला गेला. हात पुन्हा वर कसा न्यावयाचा, अंगावर काय घालावयाचे, पतीशी काय बोलावयाचे, हे सांगणारे तिला रुग्णालयात कोणीच भेटले नाही. बरी झाल्यावर ती स्वतःच इतर रुग्णांच्या खाटांपाशी जाऊ लागली. हाताच्या व्यायामासाठी एक चेंडू व दोरी आणि चोळीत ठेवण्यासाठी तात्पुरता कृत्रिम स्तन एवढीच तिची सामग्री. अनेक शल्यचिकित्सकांना ही ढवळाढवळ रुचली नाही. तिचा उपक्रम मात्र वाढत गेला आणि १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो आपलासा केला. पुढे ‘रीच टू रिकव्हरी’ या नावाने तो अनेक देशांत पोहोचला.

आपल्या मुंबईची परंपराही या बाबतीत लहान नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. १९५१ साली डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापिली. १९६९ साली श्री. सप्रू यांनी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन सुरू केली. रुग्णांच्या नातलगांची राहण्याजेवण्याची सोय दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी पाहिली. त्या धर्मशाळांच्या ओसरीवर, कोणीही न आखलेली, परस्परांना धीर देण्याची एक शाळा कित्येक वर्षे चाललेली आहे. विदर्भातून आलेला नवरा आणि कोकणातून आलेला भाऊ एकमेकांना रांगा, तपासण्या आणि खर्चाची वाट समजावून सांगतात. १९९४ मध्ये श्रीमती वंदना गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून उठल्यावर ‘व्ही केअर’ ही संस्था सुरू केली आणि रोगमुक्तांनी रुग्णांना भेटणे या गोष्टीस शहरात निश्चित रूप आले.

महाराष्ट्रातील वाचकांस आणखी एक दाखला जवळचा वाटेल. डॉ. अनिता अवचट आणि श्री. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनातून सुटलेला माणूसच व्यसनात अडकलेल्याचा हात धरू शकतो, या विचारास तेथे मोठे स्थान आहे. आणि रुग्णांच्या पत्नींनाही तेथे एकत्र बसवले गेले, कारण घरही आजारी पडते हे त्यांनी ओळखले होते. डॉ. अनिता यांना पुढे कर्करोगाने गाठले आणि १९९७ मध्ये त्या गेल्या. रोग निराळा असला तरी तत्त्व एकच आहे.

आता प्रत्यक्ष देवाणघेवाण काय होते, ते पाहू. ‘धीर देणे’ म्हटले की उपदेश डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात बोलणे होते ते अगदी लहान गोष्टींविषयी. शस्त्रक्रियेनंतर काखेखालून काढलेली नळी आणि तिला जोडलेली बाटली घेऊन संडासास कसे जावे? तर कापडी पिशवी शिवून ती कमरेला बांधावी आणि महिनाभर पुढून बटणे असलेला गाऊन वापरावा. केस कधी जातात? बहुतेकींचे पहिल्या केमोथेरपीनंतर दोन-तीन आठवड्यांत. ते मोरीच्या जाळीत गुंतलेले पाहून रडू कोसळते, म्हणून काही जणी आधीच घरी बोलावून बारीक कापून घेतात. रात्री उशी टोचते, तेव्हा सुती टोपी बरी. उपचार संपल्यावर केस परत येतात, आणि काहींचे आधी सरळ असलेले केस कुरळे येतात. हे ऐकताना हमखास हसू फुटते.

शस्त्रक्रियेपूर्वी मंगळसूत्र उतरवावे लागते. परिचारिका हे सांगते तेव्हा अनेकींचा हात गळ्यापाशी थिजतो. आमच्याकडील एक ज्येष्ठ भगिनी अशा वेळी सांगतात, ‘मी यांच्या शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. डोळे उघडले तेव्हा यांचा हात खिशावरच होता.’ यापेक्षा अधिक समुपदेशन त्या क्षणी कोणास जमेल असे आम्हांस वाटत नाही. किरणोपचारांसाठी अंगावर काढलेल्या खुणा पुसू नयेत, हे तंत्रज्ञ सांगतोच. पण त्या दिवसांत आंघोळ कशी करावी आणि कोणती चोळी काचत नाही, हे अनुभवी स्त्रीच सांगू शकते.

चोळीचा प्रश्न वाटतो तितका गौण नाही. शस्त्रक्रियेनंतर एका बाजूस कापूस किंवा रुमाल भरून वेळ निभावणाऱ्या स्त्रिया असंख्य आहेत. तो सरकतो आणि बाई लोकांत जाणे सोडते. मकर संक्रांतीच्या हळदीकुंकवास न जाणे ही या रोगाची एक खूण आहे, असे आम्ही अनुभवाने म्हणू शकतो. सिलिकॉनचे कृत्रिम स्तन महाग असतात. अलीकडे सुती धाग्याने हाताने विणलेले हलके कृत्रिम स्तन स्वयंसेविका विनामूल्य देतात. घामाच्या हवेत ते अधिक सोयीचे पडतात. शिवाय प्रत्येकीचा स्तन काढावाच लागतो असेही नाही. केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यास, योग्य रुग्णांत, जगण्याच्या शक्यतेत फरक पडत नाही, हे अमेरिका व इटलीतील चाचण्यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनी दाखवून दिले आहे. तरी ‘सगळं काढून टाका, म्हणजे काळजी मिटली’ असे म्हणणारे नातलग आजही भेटतात.

सरकारी साहाय्याची माहितीही येथेच पसरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कोणते कागद लागतात, शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारपत्रावरील नाव यांत एका अक्षराचा फरक असेल तर काय करावे, उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास व त्याच्या एका सोबत्यास रेल्वेभाड्यात मिळणारी सवलत कशी घ्यावी, हे ज्या बाईने स्वतः खेटे घालून शिकून घेतले असते, ती ते चार वाक्यांत सांगते.

येथवर वाचून कोणास वाटेल की अनुभव हाच सर्वश्रेष्ठ वैद्य आहे. तसे मुळीच नाही, आणि आमच्याकडे झालेली एक चूक या ठिकाणी नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. कोळीवाड्यातील एका बाईंची शस्त्रक्रिया झाली, त्यात काखेतील ग्रंथीही काढल्या गेल्या. अशा शस्त्रक्रियेनंतर त्या हातास सूज येण्याची शक्यता राहते. भेटीस आलेल्या एका रोगमुक्त भगिनीने त्यांना पोटतिडकीने सांगितले, ‘आता या हातानं आयुष्यात काही उचलायचं नाही.’ तिला स्वतःला अनेक वर्षांपूर्वी हेच सांगण्यात आले होते. मासळीची टोपली उचलणे हेच ज्या बाईचे पोट, तिने हे ऐकून धंदा बंद केला. दोन महिन्यांनी त्या तपासणीस आल्या तेव्हा सूज नव्हती, पण घरात उधारी झाली होती आणि न वापरल्याने खांदा आखडला होता. हळूहळू, मापाने वजन वाढवीत नेल्यास अशा हाताची सूज वाढत नाही, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आढळून आले आहे. आमच्या भौतिकोपचारतज्ज्ञांनी मग भिंतीवर बोटे चढवीत नेण्याच्या व्यायामापासून आरंभ केला. दोष त्या भगिनीचा नव्हता. तिला पूर्वतयारीवाचून पाठविणाऱ्या आमचा होता.

तेव्हापासून काही पथ्ये पाळली जातात. भेटीस जाणारी व्यक्ती स्वतःचा अनुभव सांगते, सल्ला देत नाही. औषधाचे नाव घेत नाही. आणि ‘डॉक्टरांना विचारू या’ हे वाक्य तिच्या तोंडी असावे, अशी आमची अपेक्षा असते. स्वतःचे उपचार पूर्ण होऊन मन स्थिरावल्याखेरीज कोणासही या कामास पाठवले जात नाही. जडीबुटी, गोमूत्र, कडक उपवास यांच्या भरवशावर केमोथेरपी सोडण्याचा मोह अशा गप्पांतूनच पसरतो, हेही आम्ही पाहिले आहे. बरी झालेली बाई सर्वांत विश्वासार्ह वाटते, म्हणून तिची चूकही सर्वांत महाग पडते.

कुटुंबीयांकडे वळू. रुग्ण खोलीत आणि पती बाहेर व्हरांड्यात, हातात फाइल घेऊन, हे दृश्य आमच्या रोजच्या पाहण्यातले आहे. तो पैशांची जुळवाजुळव करतो, रांगेत उभा राहतो, औषधे आणतो आणि बोलत नाही. त्याच्याशी कोणी बोलतही नाही. ‘आता तुम्हीच खंबीर राहायला हवं’ एवढे सांगून सारे निघून जातात. पतींची स्वतंत्र बैठक ठरवली तेव्हा कोणी येईल असे आम्हांस वाटले नव्हते. आले. पहिला अर्धा तास क्रिकेट आणि भाडेवाढ यांवर गेला. मग एकाने विचारले, ‘जखमेकडे बघितलं नाही तर तिला वाईट वाटतं, आणि बघितलं तरी वाटतं. तुम्ही काय करता?’ दुसरा म्हणाला, ‘मी पट्टी बदलायला शिकलो. मग बघणं हे कामच झालं.’

घरातील अज्ञान दूर करणेही निकडीचे असते. हा रोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणात झोपल्याने होत नाही. तरीही रुग्णाची ताटवाटी निराळी ठेवणारी घरे आहेत, सुशिक्षित घरेही. बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणोपचारांनी रुग्णाचे शरीर किरणोत्सर्गी बनत नाही; ती आपल्या नातवास खुशाल मांडीवर घेऊ शकते. मुलींच्या मनातील प्रश्न सर्वांत अवघड: ‘मलाही होईल का?’ स्तनाच्या कर्करोगापैकी सुमारे ५ ते १० टक्केच रुग्णांत थेट आनुवंशिक दोष कारणीभूत असतो. कोणाची जनुकीय तपासणी करावयाची हे तज्ज्ञ ठरवतात. परंतु मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून आईचा रोगच दडवला जातो, तेव्हा त्या मुलीस सावध राहण्याची संधीही नाकारली जाते. पुढे एखादी आई आपल्या मुलीला घेऊन बैठकीस येते आणि इतर आयांना ते दिसते. त्याचा परिणाम आमच्या भाषणांहून अधिक होतो.

आता मूळ प्रश्न: याने आयुष्य वाढते का? १९८९ साली अमेरिकेतील डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी, रोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यास एकदा गटात बसणाऱ्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, तर न बसणाऱ्या १८.९ महिने. जगभर खळबळ उडाली. पुढे २००१ साली कॅनडातील २३५ स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात आयुर्मानात फरक आढळला नाही, आणि २००७ साली स्पीगल यांच्या स्वतःच्याच नव्या अभ्यासातही एकंदरीत तो दिसला नाही. तेव्हा असे गट आयुष्य वाढवतात, असा दावा कोणी केल्यास देणगीदारांनी त्यावर विश्वास ठेवू नये, आमच्यावरही नाही. परंतु त्याच कॅनडातील अभ्यासात, गटात बसणाऱ्या स्त्रियांची मनःस्थिती सुधारली आणि त्यांना वेदना कमी जाणवल्या. जिची अवस्था आरंभी अधिक वाईट तिला लाभ अधिक. आम्ही पैसा मागतो तो एवढ्यासाठीच, आणि आम्हांस हे ‘एवढे’ थोडे वाटत नाही.

याच कारणास्तव ‘सकारात्मक राहिलात तर बऱ्या व्हाल’ हे वाक्य आमच्याकडे वर्ज्य मानले जाते. त्याचा उलट अर्थ क्रूर आहे. वृत्तपत्रांत ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ असे मथळे येतात, तेव्हा गेलेली व्यक्ती लढण्यात कमी पडली असा भाव नकळत येतो. मुंबईच्या चित्रसृष्टीतील ताहिरा कश्यप यांनी २०१८ साली आपला आजार जाहीरपणे सांगितला आणि २०२५ साली तो उलटल्याचेही तितक्याच मोकळेपणाने सांगितले. बरे झाल्याचे सांगणे सोपे. उलटल्याचे सांगणे अवघड. आमच्या गटातील एका भगिनीचा रोग उलटला आणि त्या गेल्या, तेव्हा प्रथम आम्ही ती वार्ता इतरांपासून दूर ठेवली. दोन दिवसांत ती दूरध्वनीवरून सर्वांस कळली आणि ‘तुम्ही आम्हांला इतक्या दुबळ्या समजलात?’ असे आम्हांस ऐकून घ्यावे लागले. आता वार्ता त्याच बैठकीत सांगितली जाते. काही जणी त्यानंतर महिनाभर येत नाहीत. त्यांना बोलावणे पाठवले जात नाही; खुर्ची ठेवली जाते.

गटाचे एक काम मात्र खरोखरच प्राणरक्षणाशी जोडलेले आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर एक प्रदीर्घ चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली असता काय होते, हे पाहावयाचे होते. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले: रोग अलीकडच्या टप्प्यात सापडू लागला, आणि ५० वर्षांवरील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तशी घट दिसली नाही, हेही सांगणे आवश्यक आहे. या तपासणीस महाग यंत्र लागत नाही. प्रशिक्षित हात लागतो आणि बाईने येणे लागते. शेजारची, ओळखीची, हाच रोग होऊन गेलेली बाई बोलावते तेव्हा ती येते.

अखेरीस खर्चाविषयी. धर्मादाय रुग्णालयांस उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. तो निधी उपचारांसाठीच असतो. भेटीस जाणाऱ्या भगिनीच्या रिक्षाभाड्यास तो वापरता येत नाही. म्हणून या कामास स्वतंत्र देणगी लागते आणि तिची मागणी मोठी नाही: आतून कडी लागणारी एक खोली, पूर्ण उंचीचा एक आरसा, एक शिलाईयंत्र, सुती धागा, प्रवासखर्च, आणि भौतिकोपचारतज्ज्ञांचे दर आठवड्यास काही तास.

कोळीवाड्यातील ज्या बाईंविषयी वर लिहिले, त्या आता स्वतः भेटीस येतात. मासेमारी बंद असलेल्या जून-जुलैत नियमित, एरवी बाजार सांभाळून. हात कसा आहे असे विचारल्यास त्या टोपली अर्धी भरतात आणि दोन फेऱ्या करतात, असे सांगतात. नव्या रुग्णास त्या प्रथम आपला हात वर करून दाखवतात, आणि मगच खाली बसतात.